परत मागवलेली गाडी पुसदला पोचते का?

११ डिसेंबर २०२३ रोजी अमेरिकेतल्या फिनिक्स शहरात एक टोइंग ट्रक एका पिकअप गाडीला ओढून नेत होता. पिकअप उलट्या तोंडाने जोडलेली होती. नीट बांधलेली नसल्याने ती तिरपी झाली होती आणि मधल्या वळणाच्या लेनपासून शेजारच्या लेनपर्यंत आडवी पसरली होती. मागून वेमो कंपनीची चालक नसलेली टॅक्सी आली आणि पिकअपला धडकली. ट्रक थांबला नाही, पुढे चालत राहिला. काही मिनिटांनी वेमोचीच दुसरी टॅक्सी आली आणि तीही त्याच पिकअपला धडकली.

कोणी जखमी झाले नाही. वेमोच्या अभियंत्यांनी दोन्ही गाड्यांच्या नोंदी तपासल्या तेव्हा दोष सापडला. पुढचा ट्रक एका दिशेला आणि त्याला जोडलेली गाडी दुसऱ्याच दिशेला तोंड करून आहे, हे पाहून सॉफ्टवेअरचा अंदाज चुकला होता. ही जोडी पुढच्या क्षणी कुठे असेल, हे त्याला ठरवता आले नाही. २० डिसेंबरपासून १२ जानेवारीपर्यंत सगळ्या गाड्यांत नवे सॉफ्टवेअर घातले गेले आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये कंपनीने ४४४ गाड्यांचा रिकॉल, म्हणजे दोषासाठी गाड्या परत मागवण्याची कारवाई, सरकारदरबारी नोंदवला. वेमोचा हा पहिला रिकॉल. त्या ४४४ गाड्यांपैकी एकीचाही नट ढिला नव्हता, ब्रेक झिजलेला नव्हता, वायर जळालेली नव्हती.

आता हंगामात यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदहून दिग्रसकडे किंवा महागावकडे जाणाऱ्या रस्त्यावर संध्याकाळी उभे राहा. कापसाने फुगलेली ट्रॉली ओढणारा ट्रॅक्टर दिसेल. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या असतील, तर वळणावर मागची ट्रॉली ट्रॅक्टरपेक्षा वेगळ्याच दिशेला तोंड करून असते. मागे लाल दिवा असेलच असे नाही. रस्त्याच्या कडेला एखादी बंडी असेल, बैल सोडलेले असतील आणि जू जमिनीला टेकलेले असेल. फिनिक्सला जो प्रसंग अपवाद होता, तो इथे रोजचा रस्ता आहे. म्हणून स्वयंचलित गाड्यांच्या रिकॉलचा विषय अमेरिकेतला म्हणून सोडून देता येत नाही. गाडीत बसवलेला हा मेंदू आता आपल्याकडच्या रस्त्यांवरही आहे.

चालक नसलेली टॅक्सी भारतात नाही, आणि केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरी यांनी डिसेंबर २०२३ मध्ये नागपूरच्या आयआयएममधल्या कार्यक्रमात ती भारतात येऊ देणार नाही असे पुन्हा एकदा स्पष्ट केले. कारण त्यांनी लाखो चालकांच्या रोजगाराचे दिले. पण तिची धाकटी बहीण केव्हाच येऊन पोचली आहे. चाकणच्या कारखान्यात बनणारी महिंद्राची एक्सयूव्ही ७०० ऑगस्ट २०२१ मध्ये लोकांसमोर आली. तिच्या वरच्या मॉडेलांत समोरच्या गाडीपासून अंतर राखणारा क्रूझ कंट्रोल, लेनमध्ये ठेवणारे स्टिअरिंग आणि धोका दिसताच आपोआप लागणारा ब्रेक होता. २०२३ मध्ये पुण्यातच बनणाऱ्या टाटा हॅरिअर आणि सफारीत अशी व्यवस्था आली. या सगळ्याला मिळून एडास म्हणतात, म्हणजे चालकाला मदत करणारी प्रगत यंत्रणा. स्वयंचलनाच्या शून्य ते पाच अशा सहा पायऱ्या मानल्या जातात. वेमो चौथ्या पायरीवर आहे. आपल्याकडच्या या गाड्या दुसऱ्या पायरीवर आहेत. दुसऱ्या पायरीवर गाडी स्टिअरिंग आणि वेग दोन्ही सांभाळते, पण रस्त्यावर लक्ष ठेवण्याची जबाबदारी सर्वस्वी चालकाची राहते. माझ्या मते सहाही पायऱ्यांत फसवी पायरी हीच आहे, कारण इथे गाडी जवळजवळ सगळे करते आणि जबाबदारीतले मात्र काहीच घेत नाही.

ही गाडी पाहते कशी, ते समजून घ्यायला हवे. समोरच्या काचेमागे, आरशाजवळ कॅमेरा असतो. बंपरमध्ये किंवा जाळीमागे रडार असते. रडार रेडिओ लहरी सोडते आणि परत येणाऱ्या लहरींवरून समोरची वस्तू किती दूर आहे आणि किती वेगाने जवळ येते आहे ते मोजते. ती वस्तू ट्रक आहे, माणूस आहे की खांब, हे कॅमेऱ्याच्या चित्रावरून ओळखले जाते. दोन्ही माहिती एकत्र करून सॉफ्टवेअर धडकेपर्यंत किती सेकंद उरले ते काढते आणि सूचना द्यायची की ब्रेक दाबायचा ते ठरवते.

अडचण उभ्या वस्तूंची आहे. रस्त्याच्या कडेचे फलक, पुलाचे कठडे, वरून गेलेला उड्डाणपूल, गटारावरचे लोखंडी झाकण, या सगळ्यांवरून रडारच्या लहरी परत येतात. प्रत्येक उभ्या वस्तूला धोका मानले तर गाडी दर शंभर मीटरवर ब्रेक मारील. म्हणून अनेक यंत्रणांत, विशेषतः मोठ्या वेगात, उभ्या वस्तूंकडून आलेल्या लहरींना कमी महत्त्व दिले जाते आणि कॅमेऱ्याने खात्री केल्याशिवाय ब्रेक लागत नाही. हा कल जरा एका बाजूला झुकला की काहीही नसताना ब्रेक लागतो. माझदाने डिसेंबर २०१९ मध्ये अमेरिकेत ३५ हजारांहून अधिक गाड्या परत मागवल्या त्या याच कारणासाठी. कल दुसऱ्या बाजूला झुकला तर समोर उभा असलेला ट्रक गाडीला दिसूनही दिसत नाही. आपोआप लागणारा ब्रेक वेळेवर लागेलच याची खात्री नाही म्हणून व्होल्वोने मार्च २०२० मध्ये जगभरातल्या सात लाखांहून अधिक गाड्या परत मागवल्या. सुरक्षिततेसाठीच जिचे नाव घेतले जाते त्या कंपनीची ही गोष्ट आहे.

टेस्लाचे प्रकरण या सगळ्यात मोठे आहे आणि ते नीट पाहण्यासारखे आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा संस्थेने चौकशी सुरू केली. ऑटोपायलट ही चालकाला मदत करणारी यंत्रणा किंवा तशीच दुसरी यंत्रणा चालू असताना टेस्लाच्या गाड्या अपघातस्थळी उभ्या असलेल्या अग्निशमन, पोलीस आणि रुग्णवाहिकांच्या गाड्यांवर आदळल्याच्या ११ घटना तिच्यापुढे होत्या. दोन वर्षांहून अधिक काळ तपास चालला. डिसेंबर २०२३ मध्ये टेस्लाने अमेरिकेतल्या २० लाख ३१ हजार २२० गाड्या परत मागवल्या. गाडीला समोरचे दिसत नाही, असे त्या रिकॉलमध्ये म्हटलेले नव्हते. ऑटोपायलट चालू असताना चालक रस्त्याकडे पाहतो आहे ना, याची गाडी पुरेशी खात्री करून घेत नाही, हा दोष नोंदवला गेला. माणूस आणि यंत्र यांच्यातला विश्वास चुकीच्या मापाचा होता आणि ते माप कंपनीने ठरवले होते. दोष वस्तूत नसून वस्तू वापरणाऱ्याला तिने लावलेल्या सवयीत आहे, हे इतक्या मोठ्या प्रमाणावर सरकारी कागदावर आले याला मी फार महत्त्व देतो.

पुढचा भागही तितकाच महत्त्वाचा. टेस्लाने इंटरनेटवरून सगळ्या गाड्यांत जास्त सूचना देणारे सॉफ्टवेअर पाठवले. एप्रिल २०२४ मध्ये संस्थेने मूळ चौकशी बंद केली. चालकाच्या गैरवापराचा आधीच अंदाज करता आला असता असे किमान १३ प्राणघातक अपघात तिला आढळले होते. त्याच दिवशी तिने नवी चौकशी उघडली, कारण दुरुस्तीचे सॉफ्टवेअर मिळालेल्या गाड्यांचेही अपघात झाले होते. केलेला उपाय पुरेसा होता का, हा त्या नव्या चौकशीचा प्रश्न. नट बदलला की काम झाले, असे इथे नसते. सॉफ्टवेअर बदलल्यावर ते पुन्हा तपासावे लागते.

बाकीची उदाहरणे थोडक्यात. २ ऑक्टोबर २०२३ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत माणूस चालवत असलेल्या गाडीने एका पादचारी महिलेला उडवले आणि ती क्रूझ कंपनीच्या चालकरहित टॅक्सीपुढे पडली. टॅक्सी थांबली, पण नंतर रस्त्याच्या कडेला जाण्याचा आपला नियम पाळत तिला सुमारे वीस फूट फरफटत घेऊन गेली. ९५० गाड्या परत मागवल्या गेल्या आणि डिसेंबर २०२४ मध्ये जनरल मोटर्सने हा टॅक्सीचा व्यवसायच सोडून दिला. फेब्रुवारी २०२२ मध्ये टेस्लाने ५३ हजार ८२२ गाड्यांतली एक सोय काढून टाकली. थांबण्याच्या पाटीवर पूर्ण न थांबता हळू वेगात पुढे सरकण्याची मुभा सॉफ्टवेअरमध्ये मुद्दाम ठेवलेली होती, कारण माणसेही तसेच करतात. चीनमध्ये मार्च २०२५ मध्ये शाओमीच्या एसयू ७ गाडीच्या अपघातात तीन विद्यार्थिनींचा मृत्यू झाला आणि देशभर या यंत्रणांच्या जाहिरातींवर टीका झाली. सप्टेंबर २०२५ मध्ये शाओमीने महामार्गावरच्या सहाय्यक यंत्रणेसाठी १ लाख १६ हजार ८८७ गाड्यांचा रिकॉल जाहीर केला. मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलात टेस्लाचे भारतातले पहिले दालन १५ जुलै २०२५ रोजी उघडले, तेव्हा या गोष्टी महाराष्ट्राच्या आणखी जवळ आल्या.

या सॉफ्टवेअरला रस्ता शिकवावा लागतो, आणि तो चित्रांतून शिकवला जातो. २०१६ मध्ये युरोपातून आलेला सिटीस्केप्स हा चित्रसंग्रह जगभर वापरला गेला. त्यात बहुतेक जर्मन अशा ५० शहरांतले रस्ते आहेत, आखीव आणि स्वच्छ, लेन पाळणाऱ्या गाड्यांचे. हैदराबादच्या आयआयआयटीने २०१८ मध्ये भारतीय रस्त्यांचा संग्रह प्रसिद्ध केला. हैदराबाद आणि बंगळुरू परिसरातली सुमारे दहा हजार चित्रे आणि त्यांतल्या वस्तूंचे ३४ प्रकार त्यात आहेत. रिक्षा आणि जनावर यांना तिथे स्वतःची जागा मिळाली. हे मोलाचे काम आहे. पण पोळ्याच्या दिवशी झूल घातलेली बैलजोडी, शिंग रंगवलेले बैल, रस्त्यावरच वाळत घातलेले सोयाबीन किंवा तूर, त्याला राखण म्हणून ठेवलेले दगड, रात्री एकाच दिव्यावर येणारा ट्रॅक्टर, ही चित्रे जो घेईल तोच सॉफ्टवेअरला यवतमाळ जिल्हा शिकवील. समृद्धी महामार्गावर, जिथे पांढरे पट्टे स्पष्ट आहेत आणि वळणे मोजकी आहेत, तिथे ही यंत्रणा रुळावर चालल्यासारखी वाटते. तीच गाडी वाशीमकडे जाणाऱ्या घाटात, जिथे पट्टा पुसलेला आहे आणि वळणावर समोरून एसटी येते, तिथे चालकाने तिच्यावर तेवढाच भरवसा ठेवला तर ते जीवावर बेतू शकते.

चालकांना फसवणारे नव्हे, तर सरकारी तपासनिसांना फसवणारे सॉफ्टवेअर गाडीत असू शकते, हे महाराष्ट्राने याआधी पाहिलेले आहे. त्या प्रकरणाचा धागा पुण्यातून जातो.

१८ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने फोक्सवॅगनवर नोटीस बजावली. कंपनीच्या डिझेल गाड्यांतले सॉफ्टवेअर स्टिअरिंगची हालचाल, वेग, चालू असण्याचा काळ अशा खुणांवरून ओळखत असे की गाडी आत्ता चाचणीच्या रोलरवर आहे. तेव्हा इंजिन सभ्यपणे वागे. रस्त्यावर आले की उत्सर्जन वाढे. भारतात फोक्सवॅगनच्या पोलो आणि व्हेन्टो चाकणला बनत होत्या आणि स्कोडाचा कारखाना औरंगाबादच्या शेंद्र्यात होता. केंद्र सरकारने तपासाचे काम पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडियाकडे, म्हणजे एआरएआयकडे दिले. कोथरूडच्या टेकडीवरची ही संस्था १९६६ पासूनची. गाडी बाजारात येण्यापूर्वी तिची तपासणी करून मान्यता देणाऱ्या देशातल्या प्रमुख संस्थांपैकी ती एक. प्रयोगशाळेत गाड्या ठीक निघत होत्या. रस्त्यावर मोजणी केली तेव्हा उत्सर्जन मर्यादेबाहेर गेलेले दिसले. याचा अर्थ गाडीला तपासले जात असल्याचे कळत असेल, तर प्रयोगशाळेतला निकाल पुरेसा राहत नाही. सॉफ्टवेअर असलेल्या कुठल्याही गाडीच्या बाबतीत हे लक्षात ठेवायला हवे, मग ते इंजिन चालवणारे असो की स्टिअरिंग.

१ डिसेंबर २०१५ रोजी फोक्सवॅगनने भारतात ३ लाख २३ हजार ७०० गाड्या परत मागवण्याची घोषणा केली. त्यांत फोक्सवॅगनच्या सुमारे १ लाख ९८ हजार ५००, स्कोडाच्या ८८ हजार ७०० आणि ऑडीच्या ३६ हजार ५०० गाड्या होत्या. दुरुस्ती मुख्यतः सॉफ्टवेअरची होती. आपण भारतातल्या नियमांचा भंग केलेला नाही आणि हा रिकॉल स्वेच्छेने करतो आहोत, अशी कंपनीची भूमिका राहिली. मार्च २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने तिला ५०० कोटी रुपयांचा दंड ठोठावला आणि त्याविरुद्ध कंपनी सर्वोच्च न्यायालयात गेली.

‘स्वेच्छेने’ हा शब्द तेव्हा खराही होता. २०१५ साली भारतात कंपनीला गाड्या परत मागवायला भाग पाडणारा कायदाच नव्हता. वाहन उत्पादकांच्या सियाम या संघटनेने जुलै २०१२ मध्ये स्वतःसाठी एक आचारसंहिता केली होती, तेवढीच. सुरक्षेचा दोष झाकायचा की सांगायचा हे कंपनीच्या मनावर होते. अमेरिकेत असा कायदा १९६६ मध्येच झाला होता.

आपल्याकडे तो मोटार वाहन सुधारणा कायदा, २०१९ मधून आला. मूळ कायद्यात कलम ११०अ घातले गेले आणि नियमांसह ते १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले. हे कलम वाचण्यासारखे आहे. चालकाला, प्रवाशांना, रस्त्यावरच्या इतरांना किंवा पर्यावरणाला धोका पोचवू शकेल असा दोष आढळला, तर केंद्र सरकार कंपनीला त्या प्रकारच्या सगळ्या गाड्या परत मागवायला सांगू शकते. दोष मालकांच्या ठरावीक प्रमाणातल्या तक्रारींवरून कळला असो, तपासणी संस्थेने दाखवला असो किंवा इतर मार्गाने समजला असो. कंपनीने दुरुस्ती करून द्यायची, गाडी बदलून द्यायची किंवा पैसे परत करायचे. दोष कंपनीच्या स्वतःच्या लक्षात आला तर तिने सरकारला कळवून रिकॉल करायचा, आणि तसे केल्यास तिला दंड नाही. सरकारला भाग पाडावे लागले तर गाड्यांच्या संख्येनुसार १० लाख ते १ कोटी रुपयांपर्यंत दंड. ही तरतूद सात वर्षांपर्यंतच्या गाड्यांना लागू आहे. नियम करणाऱ्यांनी दोषाच्या व्याख्येत वाहन आणि सुटे भाग यांच्याबरोबर सॉफ्टवेअर हा शब्दही घातला, हे दूरदृष्टीचे काम झाले. पुढची लढाई कुठे होणार आहे, ते त्यांना कळले होते.

माझा आक्षेप दंडाच्या रकमेवर आहे. लाखो गाड्या विकणाऱ्या कंपनीला १ कोटी म्हणजे काहीच नाही. पण त्याहून मोठा आक्षेप दुसराच आहे, आणि तो पुसदला येऊन भिडतो.

रिकॉल जाहीर होणे आणि गाडी दुरुस्त होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ऑगस्ट २०२३ मध्ये महिंद्राने ८ जून २०२१ ते २८ जून २०२३ या काळात बनलेल्या १ लाख ८ हजार ३०६ एक्सयूव्ही ७०० गाड्या तपासणीसाठी बोलावल्या. कारण कॅमेऱ्याचे नव्हते, रडारचेही नव्हते. इंजिनच्या भागातल्या वायरिंगला घासून धोका होण्याची शक्यता होती. तपासणी आणि दुरुस्ती मोफत होती आणि ग्राहकांना कंपनी वैयक्तिकरीत्या कळवणार होती. त्याआधी २०२२ च्या अखेरीस मॅन्युअल गिअरच्या १२ हजार ५६६ एक्सयूव्ही ७०० आणि ६ हजार ६१८ स्कॉर्पिओ-एन क्लचच्या आवरणातल्या एका रबरी भागासाठी बोलावल्या गेल्या होत्या. कंपनीने स्वतःहून हे सांगितले, याबद्दल तिला श्रेय द्यायला हवे. भारतात रिकॉलची बातमी आली की लोक कंपनीला हसतात आणि त्या मॉडेलपासून दूर पळतात. खरे तर ज्या कंपनीचा कधीच रिकॉल होत नाही तिच्याबद्दल जास्त काळजी वाटायला हवी.

पण कंपनी कळवणार कोणाला? तिच्या वहीत ज्याचे नाव, ज्याचा मोबाइल नंबर आहे, त्याला. आणि ही वही बहुधा पहिल्या मालकापाशी थांबलेली असते.

पुसदसारख्या गावात नव्या गाड्या येतातच, पण जुन्याही तेवढ्याच येतात. पुण्या-मुंबईत तीन-चार वर्षे वापरलेली, नागपूरला एक्सचेंजमध्ये दिलेली, वरचे मॉडेल निम्म्या किमतीत मिळते म्हणून घेतलेली गाडी. ती घेणारा विचारतो ते टायर, इंजिनचा आवाज, किती किलोमीटर चालली आणि कुठे ठोकली होती का एवढेच. सॉफ्टवेअरची कोणती आवृत्ती आहे आणि कुठला रिकॉल बाकी आहे का, हे विचारण्याची पद्धतच नाही. कधी गाडी महिनोन्‌महिने जुन्या मालकाच्याच नावावर चालते, सह्या केलेले कागद एजंटकडे पडून असतात. कंपनीचा मेसेज पुण्यातल्या पहिल्या मालकाच्या फोनवर जातो. त्याने गाडी केव्हाच विकलेली असते. तो मेसेज पुसून टाकतो. गाडी इकडे पुसदमध्ये, दोष जशाचा तसा.

सॉफ्टवेअर असलेल्या गाडीत हा धोका वाढतो. सुटलेला नट कधीतरी आवाज करतो आणि गावातला मेकॅनिक तो ऐकतो. सॉफ्टवेअरचा दोष काहीच सांगत नाही. गाडी उत्तम चालते, ज्या दिवशी दोन ट्रॉल्या तिरप्या होऊन समोर येतात त्या दिवसापर्यंत. शिवाय इंटरनेटवरून दुरुस्ती पाठवायची तर गाडीतले सिम चालू हवे आणि त्याचे खाते नव्या मालकाच्या नावावर हवे. अनेक गाड्यांना तर कंपनीच्या वर्कशॉपमध्येच न्यावे लागते, आणि बऱ्याच कंपन्यांच्या बाबतीत पुसदच्या माणसाला त्यासाठी यवतमाळ, नांदेड किंवा नागपूर गाठावे लागते. कामाचा दिवस मोडून एवढ्या लांब जायला पटण्याजोगे कारण लागते.

इथेच काच आणि बंपरचाही विचार करायला हवा. समोरची काच फुटली की ती बदलली जाते. पण कॅमेरा त्या काचेमागे बसलेला असतो आणि नवी काच बसवल्यावर तो पुन्हा नेमक्या दिशेला लावून त्याची पडताळणी करावी लागते. कोनात थोडासा फरक पडला तरी पुढे पन्नास-साठ मीटरवर गाडीला लेन भलतीकडेच दिसते. बंपरला रडारपुढे लोखंडी गार्ड लावला, जाड रंग दिला किंवा शोभेची पाटी ठोकली तर लहरींचा मार्ग अडतो. हे दोष कंपनीच्या कुठल्याच रिकॉलमध्ये येणार नाहीत, कारण ते कारखान्यात झालेलेच नाहीत. गावातले काचवाले आणि डेंटिंग-पेंटिंगवाले हुशार आहेत. त्यांना कोणी शिकवले नाही, ही उणीव आहे. एआरएआयसारख्या संस्थेने आणि कंपन्यांनी तालुक्याच्या गावी येऊन हे शिकवावे, असे मला मनापासून वाटते.

रिकॉल नव्या मालकापर्यंत न पोचण्याच्या या गळतीवर परदेशांनी काय केले ते पाहू. अमेरिकेत २०१४ पासून कोणालाही गाडीचा सतरा अक्षर-अंकांचा ओळख क्रमांक सरकारी संकेतस्थळावर टाकून न झालेला रिकॉल पाहता येतो. २०१६ पासून मोठ्या कंपन्यांना रिकॉल बाकी असलेली गाडी भाड्याने देता येत नाही, मात्र जुन्या गाडीची विक्री तिथेही मोकळी राहिली आहे. जर्मनी जास्त कडक आहे. सक्तीच्या रिकॉलची दुरुस्ती करून घेतली नाही तर गाडी रस्त्यावर चालवण्याची परवानगीच काढून घेतली जाऊ शकते, आणि डिझेल प्रकरणात तशी पावले उचलली गेली.

भारताकडे यासाठी लागणारी यंत्रणा तयार आहे, हीच चीड आणणारी गोष्ट आहे. गाडीची मालकी बदलताना फॉर्म २९ आणि ३० भरावे लागतात. गाडी दुसऱ्या जिल्ह्यात जाणार असेल तर फॉर्म २८ ची ना-हरकतही लागते. हा सगळा व्यवहार वाहन या केंद्रीय संगणक प्रणालीत होतो, जिथे चेसिस नंबर, विमा आणि पीयूसी यांची नोंद असते. डिसेंबर २०२२ च्या अधिसूचनेने जुन्या गाड्यांच्या विक्रेत्यांसाठी नवे नियम केले आणि १ एप्रिल २०२३ पासून अधिकृत विक्रेत्याला गाडी ताब्यात आल्याचे ऑनलाइन कळवावे लागते. म्हणजे जुनी गाडी हात बदलते ते दोन्ही क्षण सरकारला कळतात. त्याच पडद्यावर या चेसिस नंबरचा अमुक रिकॉल बाकी आहे अशी एक ओळ यावी, आणि दुरुस्ती झाल्याचा दाखला आल्याशिवाय यवतमाळच्या एमएच-२९ च्या नोंदणीत नवे नाव चढू नये. कंपन्यांकडे ही यादी असते. सरकारला ती मागता येते. खर्च नगण्य आहे. हे झाले नाही तर २०१९ चा कायदा महानगरांतल्या पहिल्या मालकांपुरताच राहील.

कायदा मालकांच्या तक्रारी मोजतो, हेही विसरू नये. तक्रारींची संख्या ठरावीक मर्यादेला पोचली की सरकारला चौकशीचा मार्ग उघडतो. परिवहन खात्याच्या वाहन संकेतस्थळावर मालकाला दोष नोंदवण्याची सोय आहे. बंडी पाहून आपोआप ब्रेक लागला, किंवा लागायला हवा होता आणि लागला नाही, पुसलेल्या पट्ट्यामुळे स्टिअरिंग स्वतःहून ओढले गेले, असा अनुभव पानटपरीवर सांगून संपतो आणि कुठल्याही मोजणीत येत नाही. पुण्याच्या चाचणी मार्गावर जे दिसणार नाही, ते पुसद, उमरखेड, दिग्रसच्या रस्त्यांवर दिसते. ते सांगणारा माणूस इथलाच असायला हवा.

म्हणून एडास असलेली जुनी गाडी घेणार असाल तर सौदा होण्याआधी एवढे करा. आरसीवरचा चेसिस नंबर घेऊन कंपनीच्या अधिकृत वर्कशॉपला फोन करा आणि या गाडीवर कुठला रिकॉल किंवा सॉफ्टवेअरची दुरुस्ती बाकी आहे का, ते लेखी मागा. समोरची काच बदललेली आहे का आणि बदलली असेल तर कॅमेऱ्याची पडताळणी झाली का, तेही विचारा. गाडी लगेच स्वतःच्या नावावर करून घ्या आणि कंपनीकडे आपला मोबाइल नंबर नोंदवा. गाडीने काही विचित्र केले तर तारीख, वेळ, रस्ता आणि वेग लिहून ठेवा आणि त्याच आठवड्यात वाहन संकेतस्थळावर तक्रार नोंदवा.